बिनगजराचा माणूस

"चिलटांची झोप मोजायचा पगार मिळतो तुला?" बाबांनी लेकीला विचारलं.

डॉक्टरांकडून ती त्यांना थेट आपल्या प्रयोगशाळेत घेऊन आली होती. गेल्या आठवड्यात दुपारी दोनला उठून, मधुमेहाची सकाळची गोळी उपाशीपोटीच घेऊन बाबा जिन्यात चक्कर येऊन पडले होते. वेळेवर उठा, वेळेवर खा, नाहीतर एक दिवस उठणारच नाही, असं डॉक्टरांनी आज बजावलं होतं. पण बाबा कुणाचं ऐकतील तर शपथ.

"तीस वर्षं डेपोतून पहाटेची पहिली बस काढलीय मी. गजर लावला नाही कधी. घड्याळ इथं आहे," त्यांनी कपाळावर बोट आपटलं.

लेकीने एक कागद पुढे सरकवला. त्यावर एका चिलटाच्या, म्हणजे फळमाशीच्या, हालचालींची नोंद होती. काचेच्या नळीत एकटी, कायम अंधारात. ती हलली की एक काळी रेघ. दिवसाला एक ओळ.

"अरे वा! अंधारातसुद्धा रोज त्याच वेळी उठलीय. माझ्यासारखी!"

"तिच्या मेंदूत घड्याळाच्या शे-दोनशे पेशी असतात, बाबा. आता ही दुसरी बघा. हिच्या मोजक्याच पेशी आम्ही गप्प केल्यात. पहाटे बाकीच्यांना हाक देणाऱ्या."

दुसऱ्या कागदावर पहिल्या दोन-तीन ओळी शहाण्यासारख्या होत्या. पुढे रेघाच रेघा, दिवसभर विखुरलेल्या. कधीही झोप, कधीही जाग.

"बाकीच्या पेशी बिघडल्या का गं?"

"नाही, ठणठणीत आहेत. नुसता एकमेकींशी मेळ राहिला नाही."

बाबा त्या विखुरलेल्या रेघांवरून बोट फिरवत राहिले.

"तुझी आई पहाटे ओट्यावर पातेलं आपटायची," ते म्हणाले. "रोज. आणि मी रोज ओरडायचो तिच्यावर. मला वाटायचं, मी आधीच जागा आहे."

आई जाऊन सहा महिने झाले होते आणि बाबांनी आज पहिल्यांदा तिचं नाव काढलं होतं.

"गजराचं घड्याळ आणू तुम्हाला?"

"त्याने काय होतंय!"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून बाबांना फोन लावला. बऱ्याच वेळाने त्यांनी तो उचलला. तिने फोन ओट्यावर ठेवला आणि त्याच्या शेजारी पातेलं आपटलं. चांगलं जोरात.

"अगं, हळू!" पलीकडून बाबा खेकसले.

मग खाट करकरली. आणि नंतर, त्यांच्या घरातला नळ सोडल्याचा आवाज.