बांधालगतचा वाफा

रताळ्याची लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते, आणि सासूबाईंचा बेण्याचा वाफा दरवर्षी ऐन लागवडीच्या तोंडावर कुणीतरी साफ कापून न्यायचं. त्या बाजाराला गेल्या रे गेल्या की वाफा बोडका! "शेळ्या शिरल्या, वहिनी," बांधापलीकडून त्यांचे धाकटे दीर हळहळायचे. त्यांनी जन्मात कधी बेणं राखलं नव्हतं, तरी पंधरवड्यात त्यांचं रान रताळ्याच्या वेलांनी हिरवंगार व्हायचं, आणि सासूबाईंचं पडीक राहायचं.

यंदा मात्र सासूबाईंनी त्या वाफ्यात भलताच वेल लाडाने वाढवला. सून चक्रावली.

"अहो आई, हे तर तण! पान रताळ्यासारखं, पण खाली कंद धरत नाही. एकदा रुजलं की अख्खं रान गिळतं, उपटावं तर तुकड्यातुकड्यातून फुटतं. आणि तुम्ही त्याला पाणी घालताय?"

"तू घरामागचं खरं बेणं सांभाळ. चल, बाजाराला उशीर होतोय."

दोघी परतल्या तर वाफा सफाचट. बांधापलीकडे दीर उभे, हातपाय चिखलाने माखलेले. "वहिनी, शेळ्यांनी यंदाही डाव साधला हो!"

"असू द्या भावजी. मुकी जनावरं ती, त्यांना काय कळतंय?"

मग सुनेकडे वळून सासूबाई हळूच म्हणाल्या,



"आज आपल्या पाळीचं पाणी शेळ्यांच्या रानात सोड गं. लागवड चांगली धरली पाहिजे."