खाली ठेवलेला कप

शलाशने कॉफीचा कप घेतला आणि तोंडाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

मुतलकच्या बैठकीत तोवर निवडणुकीची थट्टा चालली होती. "मागच्या निवडणुकीचे फलक मी शेळ्यांच्या गोठ्याला लावलेत," म्हातारा अबू सत्ताम सांगत होता. "ही संसदही लवकर बरखास्त होऊ दे. छप्पर अजून बाकी आहे." माणसं हसत होती. कप खाली टेकला आणि हसणं थांबलं.

भरलेला कप खाली ठेवणारा पाहुणा काहीतरी मागायला आलेला असतो. यजमानाने काम विचारायचं आणि "झालं समज" म्हणायचं. मगच पाहुणा घोट घेतो. कुवेतच्या या जहरा गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मुतलकने हातातला कप तसाच बाजूला ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

शलाशचं काम त्याला माहीत होतं. शलाशच्या आईने आपल्या मुलाबरोबर शेजारच्या तंबूतल्या नुवैरलाही अंगावर पाजलं होतं. त्या दुधाने शलाश नुवैरचा भाऊ झाला. नुवैर पुढे मुतलकची बायको झाली. नागरिकत्वाची नोंदणी करणारे आले तेव्हा शलाशचा बाप उंट घेऊन दूर चराईला गेला होता. त्याचं नाव लागलं नाही. त्याची मुलं-नातवंडं कुवेतमध्ये जन्मली, पण कुवेतची झाली नाहीत. त्याचा तंबू तेव्हा इथेच होता, एवढं एक वाक्य सरकारी कचेरीत सांगणारा आता मुतलकच उरला होता.

नुवैर अंथरुणावरूनसुद्धा म्हणायची, "एकच तर वाक्य आहे. सांगून या ना." मुतलक म्हणायचा, "बघू." ती या थंडीत गेली.

"बाबा," नाइफ हळूच म्हणाला. मुतलकचा हा थोरला मुलगा किटली घेऊन उभा होता. "मामांचा कप."

"दिसतोय मला."

"मग विचार की," अबू सत्ताम म्हणाला. "सगळे एकदम गप्प झाले, तेव्हा माझ्यासारख्या आंधळ्यालाही कळलं."

मुतलकने विचारलं नाही.

"कप उचल, शलाश," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "ती साक्ष मी देणार नाही. उद्या कुणी माझेच कागद उघडून बसलं तर? नाइफची सरकारी नोकरी आहे. त्याची पोरं आहेत. तुला काय, तुझं जायला काहीच नाही."

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

शलाशने त्याला नेहमीसारखी थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारली. "मी काही मागितलं नाही, अबू नाइफ."

"मग कप खाली कशाला ठेवलास? चारचौघांत मला मान खाली घालायला लावायला?"

"रोजा आहे," शलाश म्हणाला. "सांगत फिरायची गोष्ट नाही ती. नाइफने कप पुढे केला. या घरातला कप परत कसा करू? म्हटलं, अजान होईपर्यंत राहील समोर."

"शाबानच्या महिन्यात कसला रे रोजा?" अबू सत्तामने विचारलं. "रमजान येईपर्यंतही धीर नाही तुला?"

कुणी हसलं नाही.

"नुवैरचे रोजे राहिले होते," शलाश म्हणाला. "मागच्या रमजानात ती आजारी होती. मध्ये जरा बरी झाली, तेव्हा म्हणाली, भाऊ, थंडीत दिवस लहान असतात, तेव्हा धरीन. मग थंडी आली..." तो थांबला. "आता रमजान तोंडावर आलाय. म्हणून तिच्या वतीने मी धरतोय. तुम्ही तिचे काही धरले असतील, तर तेवढं सांगा, अबू नाइफ. तेच विचारायला आलो होतो. नाहीतर माझ्या हिशेबानं आज संपतात."

सगळे मुतलककडे पाहू लागले. नुवैरने हे त्यालाही सांगितलं होतं. ती गेल्यावर त्याने तिचे कपडे वाटले, तिच्या नावाने पाण्याची टाकी बसवली. हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मी एकही नाही धरला," तो शेवटी म्हणाला.

"असू दे. तुम्हाला साखरेचा त्रास आहे," शलाश म्हणाला.

मशिदीतून अजान आली. नाइफने खजुराची ताटली मामापुढे ठेवली. शलाशने एक खजूर खाल्ला आणि गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. मग कप बोटांत हलवून त्याने पुरे झाल्याची खूण केली. नाइफने किटली खाली ठेवून तो दोन्ही हातांनी घेतला.

माणसं नमाजासाठी अंगणात जाऊ लागली. अबू सत्ताम गालिच्यावर आपली काठी चाचपत होता. त्याचा हात एका कपाला लागला आणि कॉफी बोटांवर सांडली.

"हा भरलेला कप कुणाचा रे?"

"माझा," मुतलक म्हणाला.

"तुझा? अरे, तू तर यजमान. तुला कुणाकडे काय मागायचंय?"

मुतलकने बाहेर पाहिलं. उघड्या दारातून अंगण दिसत होतं. चटईवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. शलाशने आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडली होती, आणि मागे वळून तो दाराकडे बघत होता.