शालूबाईंनी मागितलेलं पद

संगीत नाटकांचे दिवस सरले होते, तरी नाटकांची पदं लिहिणाऱ्या अंबादासरावांना कोडोलीहून शालूबाई नावाच्या एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. 'तुमची नायिका नवऱ्याशी न बोलताच मरते. तिचं शेवटचं पद लिहून द्या की.' त्यांनी पद लिहिलं आणि नक्कल न ठेवताच पाकीट धाडलं.

पंधरवड्यानं शालूबाईंचा नवरा दारात उभा. "पावणं, ती गेली. लई आजारी हुती. पत्र मागनं आलं. तिच्या नावाचं, म्हणून न उघडताच अस्थींसंगं नदीत सोडलं. पाकिटावरचा तुमचा पत्ता बघून आलो."

"बरं केलंत."

तो घुटमळला. "जाताना माझ्याशी येक शबुद बोलली न्हाई. तुमास्नी काय लिवलं हुतं तिनं?"

ते पद कोणासाठी हवं होतं, हे अंबादासरावांना आत्ता उमगलं. "बसा," म्हणत त्यांनी डोळे मिटले. पण पहिल्या ओळीपुढचं काही केल्या आठवेना.