कलमाची काडी

बागायतदार मंडळाच्या कचेरीत सगळी कमिटी कॉम्प्युटरभोवती गोळा झाली होती. पडद्यावर मंडळाचं इंटरनेटवरचं पान होतं, त्यात लेख होता 'रत्नागिरी हापूस कसा ओळखावा', आणि लेखाच्या डोक्यावर जाहिरात नाचत होती: 'बंगलोरहून अस्सल हापूस, घरपोच.'

"फुकटच्या जागेत बसलं की असंच व्हायचं," खजिनदार हरिश्चंद्रभाऊ म्हणाले. "बंद करा ते पान. त्याच्यावाचून कोणाचं अडलं होतं?"

कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून उरलेल्या वेळात दर्शनाने ते पान चालवलं होतं. मोहोर, तुडतुडे, वाशीचा दर, सगळं त्यावर असायचं, आणि ते वाचून आखातातले रत्नागिरीकर घरी फोन करायचे. आज कमिटीने नाही म्हटलं की सगळं पुसलं जाणार. पण तिच्याजवळ तोड होती, आणि ती सांगायला ती सकाळपासून उतावीळ झाली होती.

"पान बंद नको, घर बदलू," ती म्हणाली. "जागा आपण भाड्याने घेऊ. तिच्यात ब्लॉगचं सॉफ्टवेअर आपलं आपण बसवू. मग आपल्याला विचारल्याशिवाय कोणी खिळासुद्धा मारणार नाही."

"नि ते सॉफ्टवेअर केवढ्याला?"

"ते फुकट."

झालं. हरिश्चंद्रभाऊंचं दुधाने तोंड पोळलेलं, ते ताकही फुंकून पिऊ लागले. "पुन्हा फुकट? बनवलंय कोणी?"

"जगभरच्या लोकांनी. आतलं सगळं उघडं ठेवलंय. हवं त्याने न्यावं, हवं तसं बदलावं."

"असा कोण धर्मराजा बसलाय?"

दर्शनाने त्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नियम पाठ केले होते, पण इथे त्यांचा उपयोग नव्हता. तिने अध्यक्षांकडे पाहिलं. चारुदत्तकाका खिडकीशी बसून नुसते ऐकत होते. त्यांच्या अंगणातल्या जुन्या हापूसची कलमं हेदवीपासून जयगडपर्यंत लागली होती.

"काका, कलम बांधायला कोणी काडी मागायला आला, तर तुम्ही काय घेता?"

"घ्यायचं काय गो त्यात? काडी झाडाची. बांधायची त्याने, राखायची त्याने." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "हरी, हे फुकट निराळं हो. ती जाहिरातवाली जागा म्हणजे दुसऱ्याच्या बागेत आपली कुंडी. ही काडी आहे. बसव गो तू."

चाचणीसाठी दर्शनाने जागा मिळवून ठेवलीच होती. इंटरनेटची लाइन तुटली, पुन्हा जुळली. तिने मंडळाचं नाव लिहिलं, बटण दाबलं, आणि पांढऱ्या स्वच्छ पानावर ते नाव मराठीत उमटलं. डोक्यावर काही नव्हतं.

"खाली बघ, खाली असेल," म्हणत हरिश्चंद्रभाऊंनी पान तळापर्यंत तपासलं. खालीही काही नव्हतं. ते लहान मुलासारखे हसले. "चढव, तो हापूसचा लेख आधी चढव."

लेख चढला. सगळे एकदम बोलू लागले. काकांना मात्र वेगळीच चिंता पडली होती. काडी नेणाऱ्याने कलम धरल्यावर पहिली फळं देणाऱ्याच्या घरी पोचवायची, ही इथली रीत.

"त्या लोकांचा पत्ता सांग. पेटी पाठवू."

"पत्ता एक नाही हो काका," दर्शना हसली, आणि हसता हसता तिची नजर पडद्यावरच्या बटणांवर गेली. तिला इतका आनंद झाला की शब्द एकमेकांवर आदळू लागले. "पण एक गोष्ट देता येईल. हे सगळं इंग्रजीत आहे, मराठी अजून कोणी केलेलं नाही. आपण मराठी शब्द करून दिले तर ते यातच जातील, आणि पुढे जो मराठी माणूस हे घेईल त्याला आयते मिळतील."

काकांनी चष्मा चढवला. तोवर हरिश्चंद्रभाऊ सरसावलेही होते. "सेव्ह म्हणजे ठेवा. डिलीट म्हणजे काढा. लिही चटचट, आत्ता पाठवून देऊ."

"थांब हरी," काका म्हणाले. "पहिलं फळ आहे. गवताच्या आढीत सावकाश पिकू दे. कारबाइड नको."