उशिरा उडालेला बार

सकाळपासून पोटातलं बाळ हललेलं नव्हतं, आणि रेमेई चौकाच्या कुंपणाशी अडकली होती. दवाखाना चौकापलीकडे. मधे सगळं वलेन्सिया शहर उभं.

"मास्क्लेतेची आतषबाजी संपेपर्यंत इथून सायकलसुद्धा निघणार नाही," रेड क्रॉसची मुलगी म्हणाली. "संपली की पहिली गाडी तुमची. बसा ताई, पाणी घ्या."

तिचा नवरा फेर्रान जाळीकडे वळला. "तुझ्या आईला निरोप देतो."

"वेडा आहेस? पहिल्यांदा मोठ्या चौकात बार उडवायला मिळालेत तिला. आत्ता तिचे हात थरथरायला नकोत."

जाळीच्या आत, भर उन्हात, दोरांवर फटाक्यांची कागदी पुडकी टांगलेली होती. त्यांच्यामधून रेमेईची आई कोन्सोल हेल्मेट घालून फिरत होती. दुपारचे हे बार डोळ्यांसाठी नसतात, कानांसाठी असतात. दोन वाजले. तिनं हात वर केला.

पहिल्यांदा शिट्ट्या आल्या. रेमेईनं पोटावर दोन्ही तळवे ठेवले.

"ऐक हं. ही शिट्टी. अरुंद नळी, एकच तोंड उघडं. दारू जळत जाते, नळी रिकामी होते, तसा आवाज खाली उतरतो. ऐकलंस?"

काही नाही.

"हे तडतडतंय ना, ते बारीक दाणे. एकेक वेगळा फुटतो. आणि हे पांढरं लखकन, ती धातूची पूड. आणि हा मोठा धडाम्... त्यात दारू चिमूटभरच. आजी वरून सुतळी गुंडाळते, घट्ट, अजून घट्ट. जितकं घट्ट, तितका मोठा."

"शिकवणी कसली घेतेयस?" फेर्रान म्हणाला.

"घाबरलेय रे. बोलू दे."

मग भूकंप सुरू झाला. जमिनीलगतचे सगळे बार एकदम उडतात, त्याला इथे भूकंपच म्हणतात. कानांना दडे बसू नयेत म्हणून सगळ्यांनी तोंडं उघडली. आवाज तळपायांतून शिरला, गुडघ्यांत आला, दातांत वाजला. फेर्रानचा हात तिच्या हातावर दाबलेला होता. पोट गप्पच.

शेवटचे बार आभाळात फुटले आणि संपले.

टाळ्या पडायच्या आधी एक श्वासभर शांतता असते. त्या शांततेत, डाव्या बरगडीखाली, आतून कोणीतरी लाथ मारली. मग आणखी एक.

भोवती चौक ओरडत होता.

धुरातून कोन्सोल धावत आली. काळं तोंड, पांढरे दात. लोक तिला मिठ्या मारत होते, ती सगळ्यांना बाजूला सारत कुंपणापाशी पोचली.

"कशी झाली ग? खरं सांग."

"एक बार उशिरा उडाला, आई."

कोन्सोलचा चेहरा उतरला. सगळं संपल्यावर एखादा बार उडाला की घराण्याचं नाक कापलं जातं. "कुठला? कुठल्या बाजूचा?"

रेमेईनं तिचा काजळलेला हात जाळीतून ओढून घेतला आणि आपल्या डाव्या बरगडीखाली ठेवला.

"सकाळपासून हललं नव्हतं," फेर्रान म्हणाला.

"ताई, गाडी आली," रेड क्रॉसची मुलगी हाका मारू लागली. "तरी दाखवून यायचंच हं. चला."

कोन्सोलनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं तिनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"थांब ग पोरी," ती म्हणाली. "अजून उडतोय."