दुसरं बटण

अनिमेष सरांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि दिशानं डाव्या बटणाकडं पाहिलं. पाचर अजून मशीनमध्येच होती.

पिरंगुटजवळच्या त्या कारखान्यात आठ बायका आठ प्रेसवर काम करायच्या. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, आणि दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबायची. मग वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली यायचा. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात हात राहण्याचा प्रश्नच नाही. बटणं दोन होती ती त्यासाठीच.

दिशानं डावं बटण चार महिन्यांत दाबलं नव्हतं. चपलेच्या रबराची पाचर ठोकून तिनं ते कायमचं आत बसवलं होतं. उजव्या हातानं ठोका द्यायचा, डाव्यानं तुकडे सरकवत राहायचं. प्रत्येक नगामागं दोन-अडीच सेकंद वाचायचे.

नवीन लागली तेव्हा तिचेच नग सगळ्यांत कमी भरायचे. "वेळ सांभाळता येत नसेल तर घरी बसा," असं शिफ्टचे दिग्विजय सर सगळ्यांदेखत म्हणाले होते. भरे गावातल्या घरातून ती सासऱ्यांशी भांडून कामाला बाहेर पडली होती. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. त्याच आठवड्यात तिनं पाचर केली, आणि महिन्याभरात तिचा आकडा लाइनमध्ये पहिला आला. तासाला चारशे वीस. मग हळूहळू बाकीच्यांचेही आकडे चढले. दिग्विजय सरांना वाटलं, बायकांत चुरस लागली.

मागं राहिली एकटी सखूमावशी. माले गावाच्या वरच्या वाडीतली, पन्नाशी गाठलेली. तिचा आकडा तीनशे दहाच्या पुढं सरकेना. या महिन्याअखेर तिचं काम बंद करायचं, असं दिग्विजय सरांनी तिला सांगूनही टाकलं होतं.

कंपनीनं अनिमेष सरांना पुण्याहून बोलावलं होतं ते कामाच्या वेळेचं नियोजन शिकवायला. सकाळी कॅन्टीनमध्ये दोन तास ते बोलले. आता त्यांना दिशाचं काम प्रत्यक्ष बघायचं होतं. सगळ्या बायका तिच्या मशीनभोवती उभ्या राहिल्या.

इतक्या डोळ्यांसमोर पाचर काढणं शक्य नव्हतं. दिशा जरा डावीकडं कलून बसली, पदरानं ते बटण झाकलं आणि कामाला लागली. एक, दोन, पाच, दहा. पाठीवरून घाम ओघळत होता. विसाव्या नगाला सरांनी घड्याळ थांबवलं.

"बघितलंत? हात एकदाही रिकामा राहिला नाही," ते म्हणाले. "आता असं करा, या मावशींना तुमच्या मशीनवर बसवा. त्यांना शिकवा."

दिशाला उठावं लागलं. सखूमावशी स्टुलावर टेकली. पाचरीकडं हात घालावा तर त्याच बाजूला दिग्विजय सर उभे होते.

"सांग बाय, काय करू?" मावशीनं विचारलं. "माजी बोटं लई धिमी हायेत."

"तू तुजंच कर, मावशी. नेहमीसारखं," दिशा कशीबशी म्हणाली. मावशी दोन्ही हात वापरती, तिला काही होणार नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

मावशीनं तुकडा ठेवला. तो किंचित तिरका बसला. तिनं उजवा तळवा सवयीनं बटणावर टेकवला, आणि डाव्या हाताची बोटं तुकडा सरळ करायला पुन्हा साच्यात घातली. तिच्या स्वतःच्या मशीनवर ती रोज असंच करायची. डावा हात बटणावर जाईपर्यंत तिथं काहीच हलत नसे.

दिशानं तिचा डावा दंड धरून मागं हिसडा दिला. मावशी स्टुलावरून खाली पडली. पडता पडता उजव्या हाताचा भार बटणावर आला आणि ठोकळा साच्यातल्या तुकड्यावर आदळला.

दिशानं वाकून पाचर उपसून काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे बटण मी दाबून ठेवलेलं, सर. माझा वेळ याच्यातनं वाचत होता."

दिग्विजय सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "किती दिवस?"

"चार महिने."

"उद्यापासून येऊ नकोस."

तिनं मान हलवली आणि डब्याची पिशवी उचलली. तेवढ्यात तिसऱ्या मशीनवरची पल्लवी घोळक्यातून बाहेर पडली. आपल्या मशीनपाशी जाऊन तिनं डाव्या बटणातून लाकडाची चिपाटी ओढून काढली आणि आणून टेबलावर ठेवली. तिच्यामागून दुसरी गेली. मग आणखी एक. कुणाचं रबर, कुणाची घडी केलेली चिंधी. टेबलावर सात पाचरी झाल्या. येऊ नकोस, असं दिग्विजय सर पुन्हा कुणालाच म्हणाले नाहीत.

अनिमेष सरांनी सखूमावशीला हात देऊन उठवलं. "मावशी, तुमच्या मशीनमधली?"

मावशी डावा हात उजव्या मुठीत घट्ट धरून उभी होती. "माज्या मशीनला कायबी न्हाई, साहेब. दोनी बटणं दाबते मी. म्हणून तर मागं पडते."

सरांनी स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि तिच्या मशीनपाशी स्टूल ओढून घेतलं.

"मग तुम्हीच बसा मावशी," ते म्हणाले. "आता सगळ्यांसाठी वेळ तुमचा धरायचा."