दोन हजार एकोणीसचा रिपोर्ट

फोन दीपमालाच्या मोबाइलवर आला, पण पलीकडच्या मुलीला बोलायचं होतं ते तिच्या नवऱ्याशी. हात पिठाचे होते म्हणून दीपमालानं फोन स्पीकरवर टाकला होता. सासू साळूबाई शेजारीच मेथी निवडत होत्या.

"गोकुळ सरांच्या मिसेस का? सरांच्या तपासणीत शुक्राणू जवळजवळ नाहीतच. आमचा तीन महिन्यांचा औषधांचा कोर्स घेतला तर..."

"ठेव फोन," साळूबाई म्हणाल्या. "लई खोटं बोलत्यात ह्या पोरी."

दीपमालानं ठेवला नाही. "कधीची तपासणी?"

"मार्च दोन हजार एकोणीस. लॅबकडून यादी घेतलीय मॅडम. फाइलवर हाच नंबर आहे."

त्या लॅबमध्ये दोघांची फाइल एकच होती. माझं समदं बरोबर निघालं, असं गोकुळनं तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं. त्यानंतर दोनदा दीपमालाच्या पोटात दुर्बीण घातली गेली. गेल्याच महिन्यात जावेच्या डोहाळजेवणाला साळूबाईंनी तिला ओटीच्या ताटाला हात लावू दिला नव्हता.

साळूबाई मेथी तशीच टाकून उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

संध्याकाळी गोकुळ वाळूजच्या कंपनीतून आला. दीपमालानं फोनचं सांगितलं. तो आधी पांढराफटक पडला, मग ओरडायला लागला.

"आता कायदा झालाय! माणसाला इचारल्याबिगर त्याची माहिती इकता येत नाय. सोडत नाय मी त्या लॅबवाल्यांना!"

अन् वकिलाला फोन लावायला तो तसाच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलाकडून तो तक्रारीचा अर्ज घेऊन आला. "फोन तुझ्या नंबरवर आला, म्हणून अर्ज तुझ्या नावानं करायचा. भर अन् सही कर."

दीपमाला पेन घेऊन बसली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन आल्याची तारीख लिहिली. साळूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

"काय झालं?" गोकुळनं विचारलं.

तिनं मोठ्यानं वाचलं, "माहिती उघड झाल्यामुळे झालेले नुकसान."

"मग लिही की, घराची अब्रू गेली."

"हे उघड झाल्याचं इचारतेत," दीपमाला म्हणाली. "सहा वर्षं झाकून ठेवल्याचं कुठं लिहू?"